मॉनिटर दुकानात आणण्याआधी हातभर सरकवून बघा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला. १९९९ पासून मॉनिटर उघडतोय, आणि एक प्रसंग इतक्यांदा घडलाय की आता गिऱ्हाईक दारात आलं की ओळखतो. शिरोलीहून नाहीतर गोकुळ शिरगावहून माणूस येतो. मॉनिटर चादरीत गुंडाळलेला, मोटारसायकलवर मागं बसलेल्या पोराच्या मांडीवर. "पडदा थरथरतोय हो, आणि कडेला हिरवं पडलंय." मी टेबलावर घेतो, जोडतो. चित्र आरशासारखं स्वच्छ. गिऱ्हाईक ओशाळतं. "आत्ता तिथं हलत होतं की!" घरी नेऊन जोडतो, आणि पुन्हा तेच. एका मामांनी तर मला विचारलं होतं, "भुताटकी हाय का काय जागेत?"

भुताटकी नसते, पण जागेतच असतं हे मात्र खरं. म्हणून हे लिहितोय, म्हणजे तुमची फेरी वाचेल आणि माझाही वेळ.

सगळ्यात आधी पडदा कुठल्या जातीचा आहे ते बघा. मागं ढेरी असलेला, उचलताना कंबर धरणारा, तो सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला. तो आता घरात दिसत नाही, पण जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनच्या पॅनेलवर अजून आहे, आणि जुने व्हिडिओ गेम जमवणारी हौशी पोरं हल्ली तो शोधत फिरतात. चपटा असेल तर एलसीडी किंवा एलईडी. हे आधी ठरवायचं कारण असं, की चुंबकाचा त्रास फक्त ट्यूबवाल्याला होतो. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत मागून पुढं येतो आणि चुंबकानं तो वाकतो. चपट्या पडद्यात झोतच नाही, वाकणार काय? एलसीडीशेजारी स्पीकर ठेवला म्हणून रंग बिघडले असं कुणी म्हणालं तर दुसरं कारण शोधा. चपट्याचे आजार वेगळे: अर्थिंग, केबल आणि वीज.

दुसरी तपासणी दहा सेकंदांची आहे आणि मला वाटतं सगळ्यात मोलाची. मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा जो चौकोन येतो तो कॉम्प्युटरमधून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. आता नीट बघा. मागचं चित्र हलतंय, पट्टे सरकतायत, पण मेनूचा चौकोन खांबासारखा उभा आहे? तर मॉनिटर निर्दोष, घाण सिग्नलमधून येतेय: केबल, अर्थिंग किंवा कॉम्प्युटर. मेनूपण चित्राबरोबर डुलतोय? तर एक तर बाहेरचं चुंबक, नाहीतर मॉनिटरची आतली पॉवर सप्लाय. एवढं बघून मला फोन केलात तर अर्धं काम तुम्हीच केलंत.

आता ट्यूबवाल्याचं. त्याच्या तक्रारी दोन प्रकारच्या, आणि लोक त्या एकात एक मिसळतात.

पहिली, रंगाचा डाग. कोपऱ्यात जांभळट किंवा हिरवट ठसा पडतो, हलत नाही, एकाच जागी बसून राहतो. ट्यूबच्या काचेमागं पोलादी पत्र्याची बारीक जाळी असते, शॅडो मास्क. त्या पत्र्यात चुंबकत्व मुरलं की लाल झोत हिरव्या ठिपक्यावर पडायला लागतो. मुरवणारा बहुतेक वेळा स्पीकर असतो. कॉम्प्युटरसाठीच बनवलेल्या स्पीकरच्या चुंबकाला कवच असतं, पण टेपरेकॉर्डरचे जुने डबे लोक हौसेनं मॉनिटरला चिकटवून ठेवायचे. पोरांची चुंबकाची खेळणी, टेबलाच्या खणातला चुंबकी स्क्रूड्रायव्हर, हेही त्यातलेच.

उपाय म्हणजे डीगॉस, मुरलेलं चुंबकत्व पुसून काढणं. मॉनिटर सुरू करताना "घुम्म" असा आवाज येऊन चित्र क्षणभर थरथरतं ना, ते तेच. ट्यूबभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून मोठा एसी प्रवाह सोडतात आणि पोझिस्टर नावाचा एक छोटा पार्ट तापून तो हळूहळू शून्यावर आणतो. पोझिस्टर गरम असेपर्यंत पुन्हा काही होत नाही. लोक पाच वेळा बंद-चालू करून म्हणतात डीगॉसचा गुण येत नाही. अहो, वीस मिनिटं बंद ठेवून थंड होऊ द्या, मग एकदाच चालू करा. मेनूत डीगॉसचं बटण असलं तरी हाच हिशेब. पण त्याआधी स्पीकर हलवा, नाहीतर पुसलेला डाग परत उमटतो.

एवढ्यानं डाग गेला नाही तर बाहेरून फिरवायची डीगॉसिंग कॉइल लागते. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडं असायची, माझ्याकडं अजून खुंटीला टांगलेली आहे. वापरायची रीत अशी: पडद्यापासून दोन मीटरवर उभं राहून कॉइल चालू करायची, जवळ यायचं, पडद्यासमोर पोळी लाटल्यासारखी गोल गोल फिरवायची, आणि फिरवत फिरवतच सावकाश मागं जायचं. दोन मीटर मागं आल्यावर कॉइल पडद्याला आडवी करून मगच बंद. पडद्याजवळ असताना बटण सोडलंत की होता तो डाग परवडला म्हणाल. मी शिकाऊ असताना हे एकदा केलंय. अख्खा पडदा इंद्रधनुष्य झाला होता आणि उस्तादांनी दिवसभर मला चहा आणायला ठेवलं होतं. मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका, कॉइल तापते. मनगटावर चावीचं घड्याळ असेल तर काढून ठेवा, खिशात एटीएम कार्ड असेल तर तेही.

एक बारीक गोष्ट. पृथ्वीचं चुंबकत्वही झोताला लागतं. आपल्याकडं ते साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे, चुंबकत्व मोजायचं ते माप. म्हणून पूर्वेकडं तोंड असलेला मॉनिटर फिरवून उत्तरेकडं केला की रंगात किंचित फरक पडतो. टेबल फिरवलंत की एकदा डीगॉस करा, एवढंच. कंपन्या उत्तर गोलार्धासाठी आणि दक्षिण गोलार्धासाठी ट्यूब वेगळ्या जुळवून द्यायच्या, त्यामुळं ऑस्ट्रेलियातून सामानात बांधून आणलेला चांगला मॉनिटर इथं रंगाला कायम कुरबुर करतो.

दुसरी तक्रार, थरथर. चित्र जागेवर बसत नाही. कडा पाण्यात बघितल्यासारख्या लचकतात. याचं कारण जवळपास कुठंतरी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आहे, म्हणजे आपल्या विजेचंच. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत असेल तर ६० आणि ५० मधला फरक १०, तेवढ्या वेळा सेकंदाला चित्र डुलतं, आणि हा वेग डोळ्याला फार खुपतो. आता कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ७५ करा. फरक २५ होतो, डुलणं जाऊन बारीक जलद थरथर येते. असा बदल दिसला म्हणजे गुन्हेगार वीजच. बाहेरची की मॉनिटरच्या आतली, ते मात्र अजून ठरलं नाही. त्यासाठी मॉनिटर चालू ठेवूनच उचला, एका दिशेला हातभर सरकवा, मग जरा वळवा. थरथर कमी-जास्त झाली तर बाहेरची. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच राहिली, तर आतला फिल्टर कपॅसिटर सुकलाय, आणि मग आणा माझ्याकडं.

बाहेरची असेल तर टेबलाखाली वाकून बघा. लोडशेडिंगच्या काळात प्रत्येक दुकानात इन्व्हर्टर आला, आणि तो ठेवायला जागा एकच, टेबलाखाली पायाशी. त्यात चार-पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर. वर बरोबर मॉनिटर. यूपीएस, स्टॅबिलायझर, प्रिंटरचा अडाप्टर, टेबलफॅन, फ्रीज, सगळे याच माळेतले. चांगली बातमी ही, की ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं पडतं. अंतर दुप्पट केलं की जवळपास आठव्या हिश्शावर येतं. म्हणून मी "हातभर सरकवा" म्हणतो ते उगाच नाही. कित्येक दुरुस्त्या मी यूपीएस पायानं दोन फूट ढकलून केल्यात आणि पैसे मागायला लाज वाटलीय.

दोन मॉनिटर एकमेकांना कसे छळतात ते २००२ साली राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत बघितलं. प्लायवूडचे खोपे, दोन्हीकडून मॉनिटर, पाठीला पाठ. एका बाजूची पोरं चॅट करायला बसली की पलीकडच्या पोरांचं चित्र नाचायचं. प्लायवूडला चुंबक अडवता येत नाही. एक मॉनिटर ६० वर, पाठीमागचा ७५ वर, म्हणजे फरक १५. सगळे ७५ वर लावले तेव्हा नाचणं थांबून फक्त सावकाश डुलकी उरली. मग खोपे फूटभर दूर केले, तीही गेली. मालकानं त्याआधी मॉनिटरच्या पाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलनं मढवल्या होत्या, टिफिनसारख्या चमकत होत्या. ५० हर्ट्झच्या चुंबकाला फॉइल म्हणजे काहीच नाही. अडवायचंच तर पोलादी पत्रा थोडाफार अडवतो. म्यूमेटल नावाचा मिश्रधातू खरा अडवतो, पण त्याच्या किमतीत दुसरा मॉनिटर येतो.

टेबलाखाली काही नाही, भिंतीपलीकडं काही नाही, तरी हलतंय? मग वायरिंगवर संशय घ्या. लक्ष्मीपुरीत एका पेढीवर मुनीमजींचा मॉनिटर सकाळी बरा असायचा आणि दुपारी हलायचा. तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा दुपारी गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरचा एसी सुरू झाला आणि त्याच क्षणी चित्र लचकलं. एसी वर, मॉनिटर खाली, मध्ये स्लॅब. संबंध काय? क्लॅम्प मीटर घेतला, वायर जबड्यात धरून प्रवाह मोजणारा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घातल्या तर शून्य आलं पाहिजे, कारण जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना खातात. इथं आले ९ अँपिअर. म्हणजे न्यूट्रल त्या पाइपातून परत येतच नव्हता. कुणीतरी कधीतरी वरच्या मजल्याचं न्यूट्रल जिन्यातल्या दुसऱ्या मीटरच्या न्यूट्रलला जोडलं होतं. फेज एका भिंतीतून, न्यूट्रल दुसऱ्या, आणि मधल्या खोलीत मुनीमजी. अख्खी खोलीच एक वेटोळं झाली होती. वायरमन बोलावून दोन्ही वायरी एका पाइपात आणल्या, मॉनिटर शांत. असलं वायरिंग मॉनिटरपुरतं राहत नाही, त्यानं आग लागते. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका.

हीच गोष्ट माझ्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याची. त्याच्या दोन केबली, एक होल्डरची, एक अर्थची, दुकानाच्या दोन टोकांनी जायच्या. त्यानं १५० अँपिअरवर ठिणगी पाडली की माझ्या टेबलावरचे मॉनिटर उडी मारायचे. शेवटी त्याला म्हटलं, "अण्णा, दोन्ही केबली जवळजवळ टाका, एकीला एक चिकटून." त्यानं टाकल्या. उडी चौथाईवर आली. उरलेल्या चौथाईचा मी उपयोग करतो: गिऱ्हाइकाला इंटरफेरन्स, म्हणजे बाहेरच्या विजेची चित्रातली ढवळाढवळ, दाखवायचा असेल तर "थांबा, आता तो काडी पेटवेल" म्हणतो.

थरथर नाही पण चित्र अख्खं एका बाजूला सावकाश सरकतं आणि परत येतं, असं असेल तर जवळून मोठा डीसी प्रवाह जातोय. मुंबईच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या. माझा मेहुणा रुळांना लागून राहायचा, त्याचा मॉनिटर गाडी सुटली की रंग बदलायचा. आता तिकडं २५,००० व्होल्ट एसी आहे आणि मेहुण्याकडं एलसीडी.

ट्यूब मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबच्या आत पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढला तरी तो ट्यूबवर टिकून राहतो. मी उघडतो तेव्हाही आधी ती डिस्चार्ज करतो, एक हात खिशात ठेवून.

आता चपटे पडदे. चुंबकाची कटकट गेली आणि लोकांना वाटलं सुटलो. पण अर्थिंगची कटकट जागच्या जागी आहे.

व्हीजीए केबल, म्हणजे निळ्या टोकाची, पंधरा पिनांची. तिच्यातून चित्र ॲनालॉग जातं, म्हणून वाटेत शिरलेली घाण थेट पडद्यावर दिसते: आडव्या फिकट लाटा, सारख्या धावणाऱ्या. केबलला हात लावण्याआधी मॉनिटरचं "ऑटो" बटण दाबा. मॉनिटरची फेज (विजेची नव्हे, चित्राचे ठिपके पकडायची वेळ) चुकीची बसली तरी अक्षरांच्या कडा चमचमतात आणि तो इंटरफेरन्स नसतो. ऑटो दाबूनही लाटा राहिल्या, मेनू मात्र स्थिर, तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या वायरींचं वेटोळं. हे जरा समजावून सांगतो, कारण इथंच लोक जिवावर बेतणारी चूक करतात.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. विजेतली घाण त्यांनी अर्थमध्ये सोडायची. पण अर्थच नसला, तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये लटकतो, साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी कमी असतो, पण ओल्या पायानं कॅबिनेटला पाठीमागं हात लावला की मुंग्या येतात त्या याच. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला असतं, मागं वायरच नसते. आता कॉम्प्युटर एका बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या, एकीकडं अर्थ चांगला, एकीकडं नाही. दोन्हींच्या पत्र्यांमध्ये जो दाबाचा फरक आहे तो कुठून वाहणार? व्हीजीए केबलमध्ये तारांभोवती गुंडाळलेल्या जाळीतून. आणि त्या जाळीच्याच पोटात चित्र चाललेलं असतं.

२००८ च्या सुमारास लग्नपत्रिका छापणाऱ्या एका वहिनींचा फोन आला. नवा एलसीडी, आणि त्यात लाटा. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी येऊन प्लगची मोठी पिन कापून टाकली होती आणि खरंच, लाटा गेल्या होत्या! लूप तुटला ना. पण दुसऱ्या दिवसापासून प्रिंटरला हात लावला की झिणझिण्या. मी गेलो तर कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड, त्याला केबल टीव्हीची काळी वायर. ती वायर काढली, लाटा गायब. लावली, हजर. गच्चीवरून, चार बिल्डिंगांवरून आलेल्या त्या वायरीची बाहेरची जाळी भलत्याच अर्थला बांधलेली होती. मग आधी प्लग बदलून मोठी पिन परत आणली, टीव्हीच्या वायरीत आयसोलेटर (जाळीचा जोड तोडून सिग्नल तेवढा पुढं सोडणारा) टाकला, आणि कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं. अर्थची पिन कापणं हा उपाय नव्हे. त्यानं लाट जाते आणि सेफ्टी जाते.

तुम्ही करायचं ते या क्रमानं. सगळ्या वस्तू एका बोर्डावर घ्या. मग कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक बाहेरची वायर एकेक करून काढा: टीव्हीची, स्पीकरची, नेटची, प्रिंटरची. प्रत्येक वेळी पडद्याकडं बघा. दोन वायरी एकदम काढू नका, मग कुणामुळं गेलं ते कळत नाही. तरी राहिलं तर वायरमनला मल्टिमीटर घेऊन सॉकेट तपासायला सांगा: फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस दाखवत असेल तर अर्थिंग गेलं. आपल्याकडं उन्हाळ्यात खड्डा सुकला की हे हमखास होतं, पाणी घातलं की तात्पुरतं सुधारतं.

सीसीटीव्हीच्या पडद्यावर एकच जाड पट्टा गोगलगाईसारखा चढत असेल तर तेही हेच दुखणं. तिथला जुना कॅमेराही ५० चा आणि वीजही ५० ची, दोघांत केसभर फरक, म्हणून पट्टा सावकाश सरकतो. कॅमेरा लोखंडी खांबाला बसवलेला असतो आणि खांब जमिनीत. खांब आणि कॅमेरा यांच्यात प्लास्टिकचा ठोकळा घाला, नाहीतर वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर.

व्हीजीए केबलबद्दल एवढंच, की दोन्ही टोकांचे स्क्रू पिळा, विजेच्या वायरीबरोबर तिची वेणी घालू नका, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. केबलच्या टोकाला जो गोळा असतो तो फेराइटचा, वरच्या हर्ट्झची विजेची घाण गिळणारा. स्वस्तातल्या केबलीत तो नुसता पोकळ प्लास्टिकचा निघालेला मी कापून बघितलाय. अक्षराच्या उजवीकडं सावली पडत असेल तर तो इंटरफेरन्स नाही, केबल लांब आणि हलकी आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर काळे पट्टे दिसले आणि डोळ्यानं दिसले नाहीत, तर काहीच बिघडलेलं नाही. असले व्हिडिओ मला आठवड्याला दोन येतात.

एचडीएमआयची गोष्ट वेगळी. ते डिजिटल. त्यात लाटा येऊच शकत नाहीत. एक तर चित्र पूर्ण चांगलं, नाहीतर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो. असं कधी होतं ते टिपून ठेवा. फॅन बंद केल्यावर? चोकवाली ट्यूबलाइट लावल्यावर? फ्रीजचा कॉम्प्रेसर सुटल्यावर? बटण उघडताना जी ठिणगी पडते तिचा झटका केबलीत शिरतो आणि मॉनिटर क्षणभर गोंधळतो. २०२१ मध्ये, घरून काम चालू होतं तेव्हा, रुईकर कॉलनीतल्या एका पोराची तक्रार ऐकून मी हसलो होतो: "काका, मी खुर्चीतून उठलो की मॉनिटर बंद पडतो." जाऊन बघितलं तर खरंच. गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणारी खुर्ची. उठताना तिच्यात स्थिर विद्युत साठून आतच ठिणगी पडते, आणि तो झटका हवेतून केबल पकडते. त्याला दहा वेळा त्या खुर्चीतून उठवलं, सात वेळा पडदा गेला. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून दहा वेळा उठवलं, एकदाही नाही. त्याची आई दारात उभी राहून बघत होती, की हा माणूस माझ्या पोराला बैठका का काढायला लावतोय. तीन मीटरची स्वस्त केबल काढून दीड मीटरची जाड, चांगल्या जाळीची घातली, गुडघ्याजवळून न नेता टेबलाच्या मागच्या कडेनं नेली, टोकाला दाबून बसवायचे दोन फेराइट लावले. गेलं.

गुन्हेगार हुंगायला माझ्याकडं दोन हत्यारं आहेत आणि दोन्ही तुमच्याही घरी असतील. एक मोबाइल. त्यात होकायंत्राचा सेन्सर असतो, मॅग्नेटोमीटरचं कुठलंही फुकटचं ॲप घ्या. मोकळ्या जागेत आकडा ४० च्या आसपास दाखवेल. स्पीकरजवळ नेला की शेकड्यांत जातो. ट्रान्सफॉर्मरजवळ आकडा एका जागी न राहता नाचतो. ट्यूबवाल्या मॉनिटरच्या भोवती असा मोबाइल फिरवला की पाच मिनिटांत चोर सापडतो. दुसरं, जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. मिडियम वेव्हवर काटा सांगली केंद्राच्या बाजूला, नुसती खरखर येते अशा जागी ठेवायचा आणि खोलीभर फिरायचं. हलक्या एलईडी बल्बजवळ, फॅनच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरजवळ, स्वस्त चार्जरजवळ तो गुणगुणायला लागतो. जुना गरम होणारा, डब्याएवढा रेग्युलेटर याबाबतीत बिचारा सज्जन होता.

कारखान्यातलं थोडक्यात. शिरोलीत एका मशीनशॉपमध्ये सीएनसीच्या पॅनेलवरची ट्यूब काढून त्यांनी एलसीडी बसवला, तरी बारीक तिरप्या रेघा तशाच. कारण चुंबक नव्हतंच. शेजारच्या मोटरला नवा व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावला होता आणि त्याची मोटरकडं जाणारी केबल साधी, व्हिडिओच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून दहा मीटर गेलेली. जाळीची केबल घालून जाळी दोन्ही टोकांना पट्टीनं पूर्ण आवळली, ट्रे वेगळा केला. जाळीची शेपटी पिळून एका स्क्रूला बांधतात तसं नको, त्यात निम्मा गुण जातो. भट्टीच्या शेडमध्ये तर पडदा इंडक्शन फर्नेसच्या जाड केबलींपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, मग बाकीचं.

एवढं सगळं करून, मेनूही हलतोय, जागा बदलूनही हलतोय, दुसऱ्याच्या घरी नेऊनही हलतोय, तर खुशाल आणा. चपटा असेल तर बहुतेक आतले कपॅसिटर फुगलेले असतात, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. फक्त येताना त्याची केबल आणि अडाप्टर बरोबर आणा. दहातली सहा माणसं नुसता मॉनिटर घेऊन येतात, मी माझ्या केबलवर जोडतो, आणि चित्र आरशासारखं.